दर्यावरचे शेतकरी

खेड्यातल्या घरात सहलीचा विषय निघाला की पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी, फार तर जोतिबा-कोल्हापूर एवढ्यावर गाडी थांबते. देवदर्शन झाले की प्रवास झाला. त्यात वावगे काही नाही. पण तुमच्या-आमच्या घरांत अशी कितीतरी म्हातारी माणसे आहेत, की ज्यांनी जन्मभर पावसाची वाट पाहिली आणि तो पाऊस ज्या समुद्रावरून येतो तो समुद्र मात्र एकदाही पाहिला नाही. आमच्या सासूबाई त्यांतल्याच एक. माणदेशात जन्मल्या, माणदेशातच दिल्या. वय सत्तरीच्या पुढे. गेल्या पौषात त्यांना समुद्र दाखवायचे ठरले. थोरले भाऊजी आणि जाऊबाई शाळू राखायला घरी थांबले. सासूबाई, आमचे हे, धाकटे भाऊजी, दोन मुले आणि मी अशी सहा माणसे एसटीने अलिबागला निघालो.

अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरूड अशी ही रायगड जिल्ह्याची किनारपट्टी. पूर्वी या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. १९८१ साली रायगड हे नाव झाले. अंतर फार नाही. अलिबाग ते मुरूड पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. तरी चार दिवस फिरून पाहणे संपले नाही. मुंबईची माणसे इथे वाळूत बसायला येतात. आपण गेलो की आपले लक्ष बांधाकडे, विहिरीकडे, झाडाच्या बुंध्याकडे जाते. तसे जे दिसले ते तुम्हाला सांगते. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात गेले वर्षभर एक वाद चालू आहे. गावाजवळून मोठा रस्ता झाला, त्याला लागून आमची दोन एकर जमीन आहे आणि तिला गिऱ्हाईक आले आहे. धाकटे भाऊजी म्हणतात विकावी, सासूबाई म्हणतात विकू नये. तो वादही आमच्याबरोबर एसटीत बसून आला होता.

सहा वर्षे नांगर उभा ठेवलेले गाव

पेण सोडून अलिबागच्या वाटेला लागलात की पोयनाडजवळ चरी नावाचे गाव आहे. शेतकऱ्याने गाडीतून हात जोडावेत असे हे गाव. इथली भातशेती कुळे करीत आणि खळ्यावरचा मोठा वाटा खोत-सावकारांच्या कणगीत जाई. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने इथे सभा भरली आणि शेतकऱ्यांनी संप पुकारला. गिरणीचे संप आपण ऐकले आहेत. हा संप नांगराचा होता. जमीन कसायचीच नाही असे पंचवीस गावांनी ठरवले आणि ते १९३९ पर्यंत पाळले. त्या सहा वर्षांत माणसांनी रानातला लाकूडफाटा विकला, खाडीतली मासळी आणि चिंबोऱ्या यांवर पोट भरले, पण शेतात नांगर घातला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, पुढे १९४८ चा कुळकायदा आला. तुमच्यापैकी ज्यांच्या सातबारावर आज्याचे नाव कूळ म्हणून लागले, त्यांच्या त्या नावामागे या चरीकरांची उपासमारही आहे. भाऊजींना हे ठाऊक नव्हते. ते थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मिठाच्या पाण्याला घातलेला बांध

पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना सपाट भातखाचरे लागतात. ही बरीचशी जमीन खाडीची. खाडीच्या काठाने मातीचा लांबलचक बांध घालायचा, भरतीचे खारे पाणी बाहेर अडवायचे आणि आत पावसाच्या गोड्या पाण्यावर भात करायचे, अशी इथली जुनी रीत आहे. त्या बांधाला बंदिस्ती म्हणतात. बांधात जागोजागी झडपेची दारे असतात, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातले जादा पाणी झडप लोटून बाहेर जाते, आणि भरती आली की त्याच पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ना इंजिन, ना वीज.

बांधाला मोठे भगदाड पडले तर त्याला खांड गेली म्हणतात. एकदा खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन नापीक होते. मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. वेळीच बांध घातला नाही तर शेतात तिवरे उगवतात आणि शेताची खाडी होते. पूर्वी सारा गाव अंगमेहनतीने बांध राखी. १९७९ मध्ये राज्याचा खारजमीन विकासाचा कायदा झाला आणि खात्याकडे काम आले. आमच्याकडे पाणलोटाचे बांध, तळी, चाऱ्या यांचे जे होते तेच इथेही होते, म्हणजे बांध सगळ्यांचा झाला की निगा कोणाचीच राहत नाही. जी गावे आजही पावसाळ्याआधी बांधावरून फिरून खेकड्यांची बिळे बुजवतात, त्यांचे भात टिकते.

भात निघाल्यावर वरकस भागात अलिबागचा पांढरा कांदा लावतात. आकाराने बेताचा, चवीला गोडसर. काढणीनंतर पातीसकट वेणी घालून त्याच्या माळा करतात आणि त्या माळा रस्त्याच्या कडेला टांगून विकतात. वेण्या घालायचे काम बायकांचे. २०२१ मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडचा कांदा अलिबागचा म्हणून विकता येत नाही. आपल्याही गावात अशी एखादी ज्वारी, एखादी घेवडी, एखादा गूळ असेलच. त्याची नावनिशाणी राखायला हरकत नाही. खाडीकाठच्या काही गावांत शेताशेजारच्या तळ्यात जिताडा नावाचा मासा पाळतात. एकाच शेतकऱ्याचे वर भात आणि खाली मासा, असे दुहेरी उत्पन्न.

परात, घमेले आणि कोर्लईची बोली

रेवदंड्याला कुंडलिका नदीची खाडी आहे. पूल होण्यापूर्वी माणसे तरीतून पलीकडे जात. पूल ओलांडून साळावला वळलात की थोड्याच अंतरावर कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. त्यावर किल्ला, पायथ्याला दीपगृह आणि काठाला कोळ्यांचे व ख्रिस्ती लोकांचे गाव. पोर्तुगीजांनी हा डोंगर १५९४ मध्ये घेतला आणि १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांच्या हाती आला. राज्य गेले, पण ख्रिस्ती वस्तीच्या तोंडी पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफाची एक बोली राहिली. हजाराच्या आसपास माणसे आजही ती घरात बोलतात आणि बाहेर तुमच्याआमच्याशी मराठी बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा.

आम्हाला मोठे नवल वाटले. मग भाऊजींनी मुलांना सांगितले, की नवल कसले, आपल्या घरातही पोर्तुगीज शब्द नांदतात. परात, घमेले, बादली, साबण, चावी, पगार हे सारे शब्द त्या लोकांबरोबर आले. आणि शब्दच नव्हे, पिकेही आली. दक्षिण अमेरिका नावाच्या पलीकडच्या खंडात ब्राझील हा पोर्तुगीजांचा मुलूख होता. काजू आणि अननस तिकडचे. भुईमूग, बटाटा, मिरची, टोमॅटो, पपई, पेरू ही सारी मूळची अमेरिकेच्या बाजूची. चारपाचशे वर्षांपूर्वी आपल्या रानात मिरचीचे झाड नव्हते, हे सासूबाईंना काही केल्या पटेना. "मग माणसं भाकरीसंगं काय खात होती?" असे त्यांनी विचारले. तिखटासाठी मिरे आणि आले होते, हे उत्तर त्यांना फारसे रुचले नाही.

काशीदचा देखणा आणि ओढीचा समुद्र

कोर्लईहून बोर्ली मागे टाकून काशीदला पोहोचतो. अलिबागपासून हे अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. एका बाजूला फणसाड अभयारण्याचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सुमारे तीन किलोमीटर लांब पांढऱ्या वाळूचा किनारा. फणसाड हे पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. त्यात आपल्या राज्याचा प्राणी, शेकरू, राहतो.

सासूबाईंनी समुद्र पाहिला आणि पहिल्यांदा चप्पल काढली. नंतर पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाल्या, "एवढं पाणी आणि एक वाफाही भिजायचा नाही." दुष्काळी माणसाचे बोलणे ते.

काशीदबद्दल एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. हा किनारा दिसतो तेवढा गरीब नाही. तळ एकदम उतरता आहे आणि ओहोटीला पाण्याची आत ओढ फार असते. पोहण्यात तरबेज म्हणवणारी तरणी मुले इथे बुडाली आहेत. विहिरीत आणि नदीत पोहणे वेगळे, समुद्र वेगळा. ओहोटी असताना पाण्यात शिरू नये, गुडघ्यापलीकडे जाऊ नये, आणि पावसाळ्यात तर पाण्याला पायही लावू नये. कोणी ओढीत सापडलाच तर त्याने सरळ काठाकडे झुंजू नये. त्यात दम जातो. किनाऱ्याला समांतर, आडवे जात राहावे. ओढीचा पट्टा अरुंद असतो, तो संपला की लाट आपण होऊन बाहेर आणते.

भरती केव्हा, ओहोटी केव्हा, हे कळायला इथल्या म्हाताऱ्या माणसांना घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठच्या सुमाराला. त्यापासून सहा तासांनी ओहोटी. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढते, त्याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या आसपास जोर कमी असतो, तो भांग. पाउणकी पाठ असलेली पिढी आपल्याकडेही होती. मुलांनी रात्री दिनदर्शिका घेऊन पुढच्या पंधरा दिवसांच्या भरत्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी पाण्याशी ताडून पाहिल्या. थोड्या फरकाने बरोबर निघाल्या.

एका दुपारी पडलेली वाडी

आम्ही उतरलो ते एका वाडीवाल्यांकडे. घरालगत दोन खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी बांधल्या आहेत. अठरा गुंठ्यांची वाडी. वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरीचे वेल, कडेला फणस आणि रातांबा, मधे केळी. अठरा गुंठ्यांत चार मजली शेती म्हणा ना. विहिरीचे पाणी पाटाने झाडाझाडाला जाते.

पण वर पाहिले तर मधेमधे आभाळाची मोठमोठी भोके दिसतात. काकांनी सांगितले, ती ३ जून २०२० ची आहेत. त्या दिवशी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. दुपारचे साडेबारा ते अडीच, आणि वारा ताशी एकशेदहा ते एकशेवीस किलोमीटर. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. काकांची सुपारी निम्म्याहून अधिक गेली, नारळाची अकरा झाडे मुळासकट उपटली. त्यांच्या वडिलांनी लावलेली झाडे होती ती. वर करोनाचे दिवस, मजूर नाही, वीज नाही. पडलेली खोडे तोडून बाहेर काढायलाच पावसाळा संपला.

आपला शाळू गारपिटीने गेला तर दुःख होतेच, पण पुढच्या वर्षी पेरता येतो. इथे तसे नाही. सुपारीचे रोप लावले की फळ यायला पाचसहा वर्षे, बाणवली नारळाला सहासात. म्हणजे एक दुपार आणि सहा वर्षांची मिळकत. सरकारी मदत आधी हेक्टरी जाहीर झाली. पण इथे वाडी गुंठ्यांत मोजतात. हेक्टरी हिशेबाने हातात येणार किती? म्हणून झाडामागे मदत द्या अशी मागणी झाली आणि मग नारळाच्या झाडाला २५० व सुपारीच्या झाडाला ५० रुपये असा हिशेब लागला. "नारळाचं एक झाड वर्षाला किती देतं ते तुम्हीच धरा," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, ते नुसते सांगत होते.

मग त्यांनी काय केले? त्यांनी पडलेल्या जागी पुन्हा रोपे लावली आणि रोपे मोठी होईपर्यंत मधल्या उजेडात केळी, अळू आणि हळद घेतली. खोल्यांचे उत्पन्न त्यात घातले. आता सुपारीला पोया येऊ लागल्या आहेत.

त्या रात्री काकूंनी पोपटी लावली. आपल्याकडे हुरडा, तशी यांच्याकडे पोपटी. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, हवे असल्यास बटाटे, अंडी. तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा आणि मडके पालथे घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासात शेंगा आपल्याच वाफेत शिजतात. सासूबाई माळकरी, म्हणून त्यांच्यासाठी नुसत्या शेंगांचे वेगळे मडके लावले होते. आमच्या हुरड्याइतकेच गोड लागले, असे त्यांनी मान्य केले. त्यांच्याकडून ही मोठी पावती.

कोळीवाड्यातला हिशेब

तिसऱ्या दिवशी काकूंच्या ओळखीने एका कोळणीच्या घरी गेलो. आपल्या आठवडे बाजारात जो सुका बोंबील आणि सुकट येते, ते अशाच घरांतून निघते. खाडीच्या तोंडाशी खुंट रोवून त्यांना पिशवीसारखे मोठे जाळे बांधतात, त्याला डोल म्हणतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपण होऊन त्यात शिरते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली अशी मासळी त्यात मिळते. बोंबील दोन-दोन तोंडात तोंड अडकवून बांबूच्या वलांडीवर वाळत घालतात. ऊन आणि वारा दोन्ही लागतात. मधेच अवकाळी पाऊस आला तर वलांडीवरचा सारा माल वाया. आपल्या द्राक्षांचे आणि खळ्यावरच्या ज्वारीचे जे होते तेच.

मावशींनी हिशेब सांगितला तेव्हा मला आपलेच घर आठवले. नावेला डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती, खलाशांची पोटगी हा खर्च आधी. मासळी मिळेल की नाही ते नंतर. धंदा वाट्याने चालतो, आपल्या बटईसारखाच. खर्च वजा जाता नावेचा आणि जाळ्याचा एक भाग, बाकीचा खलाशांत. भाव बंदरावरच्या लिलावात ठरतो आणि तो मासळी पकडणाऱ्याच्या हातात नसतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कारण ते दिवस मासळीच्या विणीचे आणि खवळलेल्या दर्याचे. ते दोन महिने घर सुक्या मासळीवर आणि मागच्या शिलकीवर काढायचे. शिल्लक ठेवणे आणि विक्री बायकांकडे. नाखवा दर्याचा धनी असला तरी पैशाची किल्ली घरच्या बाईच्या कमरेला असते. हे ऐकून मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिले. ते मुलांना नाव दाखवण्यात गुंतले होते.

मासळी कमी झाली आहे, हे प्रत्येक जण सांगतो. पापलेट तर इतके उणावले, की २०२३ मध्ये राज्य सरकारने त्याला राज्य मासा ठरवले, म्हणजे निदान त्याच्याकडे लक्ष जावे. मोठ्या यांत्रिक बोटी दाट जाळ्यांनी लहान पिलेसुद्धा ओढून नेतात, रात्री पाण्यावर प्रखर दिवे सोडून मासळी गोळा करतात. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी चोरून चालतेच, असे लहान कोळी म्हणतात. "पिल्लू मारलं तर पुढल्या साली काय धरणार, ताई? तुम्ही बियाणं खाता का?" मावशींनी विचारले. बियाणे खाण्याची पाळी दुष्काळात आपल्यावर येते. त्यांनी ते खुशीने करू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

२०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा या बाबतीत शेतकऱ्याला जे मिळते ते मच्छीमाराला मिळावे असा त्याचा हेतू. शेतकऱ्याला काय आणि किती मिळते ते तुम्ही जाणताच. तरी कागदावर का होईना, आपण आता एका वर्गातले झालो.

बाळ नावाचा दुष्काळ

इथे एक दूरची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या पावसाशी जोडलेली आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावर पेरू नावाचा देश आहे. तिथे समुद्राच्या तळाचे थंड पाणी वर येते आणि त्याबरोबर खाद्य वर येते, म्हणून अँकोव्ही नावाची बोटभर मासळी तिथे अमाप. ती खाणारे समुद्रपक्षी लाखोंनी. त्यांच्या विष्ठेचे थर बेटांवर साठत. रासायनिक खत निघण्याआधी युरोपातले शेतकरी ते खत जहाजांनी नेत. पण दर काही वर्षांनी नाताळच्या सुमारास तिथले पाणी ऊबदार होते, खाद्य वर येईनासे होते आणि मासळी नाहीशी होते. नाताळात येते म्हणून तिथल्या कोळ्यांनी त्याला एल निनो, म्हणजे बाळ, बाळ येशू, असे नाव दिले. रेडिओवर पावसाच्या अंदाजात आपण जो एल निनो ऐकतो, तो शब्द असा एका कोळीवाड्यातून आलेला आहे.

१९७० मध्ये पेरूने सव्वा कोटी टनांच्या आसपास अँकोव्ही पकडली होती. जगात दुसऱ्या कुठल्या एका मासळीची एवढी पकड नव्हती. १९७२ मध्ये मोठा एल निनो आला, आधीच बेसुमार पकडलेली मासळी सावरली नाही आणि १९७३ मध्ये वीस लाख टनही हाती लागली नाही. कारखाने बसले, नावा काठाला लागल्या. त्या मासळीची पूड जगभर कोंबड्या-गुरांच्या खाद्यात जात असे. ती नाहीशी झाल्यावर सोयाबीनच्या पेंडीला मागणी चढली आणि ब्राझीलमध्ये सोयाबीनचा पेरा झपाट्याने वाढला. आज तुमच्या सोयाबीनचा भाव ब्राझीलच्या पिकावर हलतो, त्याचा एक धागा इथे आहे.

आणि १९७२ म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना दुसरे काही आठवायलाच नको. तेच दुष्काळाचे साल. सासूबाईंनी त्या साली खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे. एल निनो आला की दरवेळी पाऊस बुडतोच असे नाही. १९९७ चा एल निनो मोठा होता आणि देशात पाऊस ठीक झाला. पण १९७२, २०१५ आणि २०२३ या सालांनी त्याची ओळख करून दिली आहे. मावशींना भाऊजींनी हे सारे सांगितले. पलीकडच्या काठावरच्या कोळ्यांचे आणि आपल्या सासूबाईंचे एकाच साली एकाच कारणाने हाल झाले, हे ऐकून त्या दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. मावशींनी निघताना सासूबाईंच्या ओटीत नारळ घातला.

पालखी नको म्हणणारा कोळी

शेवटच्या दिवशी मुरूडला जाऊन जंजिरा पाहिला. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जातात. चहूकडे खारे पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याची मोठी तळी आहेत. तेवढी पाहण्यासाठी तरी शेतकऱ्याने जावे. सिद्दींचा हा किल्ला शेवटपर्यंत कोणाला जिंकता आला नाही. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगडांचा बांध घालून पाहिला. हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

लाय पाटील नावाच्या कोळ्याची हकीकत बखरीत आहे. शिवकाळात त्याने रात्री होड्यांतून जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागून फौज वेळेवर आली नाही आणि बेत फसला, पण महाराजांनी त्याच्या धाडसाबद्दल त्याला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, आम्ही दर्यावर राहणारी माणसे, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याला 'पालखी' असे नाव दिले आणि ते त्याच्या हवाली केले. माणसाला त्याच्या धंद्याचे साधन द्यावे, ही गोष्ट राज्यकर्त्यांनी केव्हाही शिकण्यासारखी आहे.

विकलेल्या जमिनीचा राखणदार

आता तो वाद. या किनाऱ्यावर अलिबागपासून मुरूडपर्यंत जिकडे पाहावे तिकडे कुंपणे आणि बंगले. मुंबईच्या पैशाने जमिनींना भाव आला आणि पुष्कळांनी विकल्या. काहींनी त्या पैशाचे चांगले केले, मुले शिकवली, नाव घेतली, दुसरीकडे शेत घेतले. त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. पण काशीदहून परत येताना एसटीत शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, की ते एका बंगल्यावर राखणीला आहेत, आणि तो बंगला त्यांच्याच वडिलांच्या आंब्याखाली बांधलेला आहे. पैसे घरबांधणीत, गाडीत आणि दोन लग्नांत संपले. "आंबे मोजून मालकाला पाठवतो," ते म्हणाले.

भाऊजींनी त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले. भाव काय मिळाला, भावांत वाटण्या कशा झाल्या, बँकेत काही ठेवले होते का. घरी आल्यावर भाऊजी जमीन विकण्याबद्दल पूर्वीसारखे हिरिरीने बोलत नाहीत, पण नकोही म्हणत नाहीत. धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च डोक्यावर आहे हे खरेच आहे. आता रस्त्याकडेची दहा गुंठे भाड्याने देऊन बाकीची कसावी काय, असे बोलणे चालले आहे. अजून ठरलेले नाही. तुमच्याही घरात असा विषय असेल तर सही करण्याआधी एकदा या बाजूला येऊन चार घरी बसून विचारा. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. विकून दहा वर्षे झालेला माणूस भेटणे अधिक मोलाचे.

जाणार असाल तर पुण्याहून खोपोली-पेणमार्गे अलिबागची एसटी धरा आणि तिथून रेवदंडामार्गे मुरूडला जाणाऱ्या गाडीने काशीदला उतरा. मुंबईहून येणाऱ्यांना मांडव्याची लाँच आहे, ती पावसाळ्यात बंद असते. मार्गशीर्ष ते माघ हे दिवस उत्तम. कांद्याच्या माळा आणि पोपटी दोन्ही मिळतात. मोठ्या हॉटेलांपेक्षा वाडीवाल्यांच्या घरी उतरा, खर्चही बेताचा आणि बोलायला माणसे असतात. म्हाताऱ्या माणसांना वाळूत चालवत नाही, त्यांना किनाऱ्यालगतच्या सुरूच्या सावलीत बसवा. सुकी मासळी घेतलीत तर ती कागदात आणि वर प्लास्टिकमध्ये नीट बांधा, नाहीतर एसटीतली सारी माणसे तुमच्याकडे वळून बघतील. आणि कोणी तुम्हाला चहा दिला तर आपल्या शेतातले मूठभर काही बरोबर असू द्या. आम्ही शाळूची पाच किलो ज्वारी नेली होती. भाताच्या मुलखात ती जितक्या आनंदाने घेतली गेली, तितक्या आनंदाने दुसरे काही घेतले गेले नसते.